निकाह झाला, पण व्हिसाची तारीख संपली तर? सीमेपलीकडच्या सुनांचा प्रश्न

शाळेत बोनाफाईड सर्टिफिकेट मागायला पालक येतात ते बहुतेक शिष्यवृत्तीसाठी, बँकेच्या खात्यासाठी, नाहीतर पासपोर्टसाठी. जून २०२५ मध्ये शाळा उघडली, त्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलाचे अब्बा आले. हातात प्लास्टिकची फाईल. म्हणाले, "सर, मुलाचं बोनाफाईड पाहिजे. त्यात आईचं नावही लिहा."

आम्ही सहज विचारलं, "कशासाठी हवंय?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं, "हिच्या व्हिसाला लावायचंय."

तेव्हा आम्हाला कळलं की पालकसभेला न चुकता येणारी, मुलाच्या मराठीच्या वहीवर सही करण्यापूर्वी ती नीट वाचायचा प्रयत्न करणारी ती बाई कराचीची आहे. फुफीची मुलगी. लग्नाला चौदा वर्षं झाली. मुलं इथलीच, नवरा इथलाच, स्वयंपाकघर इथलं. फक्त पासपोर्ट तिकडचा. मे महिन्यात तिची अम्मी कराचीत वारली. इथून निघावं तर रस्ता बंद. कशीबशी पोहोचली असती, तरी परत यायला मिळालं असतं याची खात्री कुणी देत नव्हतं. जनाजा तिनं मोबाईलवर पाहिला.

हे घर एकटं नाही. आपल्या समाजात अशी घरं आहेत, पण ती याबद्दल बोलत नाहीत. 'पाकिस्तान' हा शब्द मोठ्यानं उच्चारायलाच भीती वाटते. म्हणूनच या विषयावर शांतपणे, कायद्याच्या भाषेत बोलायला हवं असं आम्हाला वाटतं.

एप्रिलमध्ये काय घडलं?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसं मारली. त्यातले सहा आपल्या महाराष्ट्रातले होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला सय्यद आदिल हुसेन शाह हा स्थानिक घोडेवालाही त्यात गेला. या हत्याकांडाचा निषेध करताना आमच्या मनात कसलाही पण-परंतु नाही. पुढे जे लिहितो आहोत ते त्या घरांचं दुःख आधी मान्य करूनच.

दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारनं काही निर्णय जाहीर केले. सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला. अटारीची तपासणी चौकी बंद झाली. पाकिस्तानी नागरिकांची सार्क व्हिसा सवलत रद्द झाली. दोन्ही देशांच्या उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणायचं ठरलं. त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांना दिलेले व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाल्याचं सांगितलं गेलं, वैद्यकीय व्हिसांना २९ एप्रिलपर्यंत मुदत मिळाली. पाकिस्ताननंही तशीच पावलं उचलली आणि आपली हवाई हद्द भारतीय विमानांसाठी बंद केली. नंतर भारतानंही तेच केलं.

देशावर हल्ला झाल्यावर सरकार कठोर पावलं उचलणार, हे कुणालाही समजतं. प्रश्न वेगळा आहे. व्यापारी, पर्यटक, उपचारासाठी आलेला रुग्ण आणि चौदा वर्षं इथं संसार करणारी बायको, या सगळ्यांना एकच आदेश लागू झाला तर काय होतं, ते त्या आठवड्यात अटारीला दिसलं. आई भारतीय पासपोर्टवाली, मुलं पाकिस्तानी पासपोर्टवाली. मुलांना पलीकडे जायची मुभा, आईला अडवलेलं. बायको पाकिस्तानी, नवरा भारतीय, आणि कडेवरचं बाळ कुणाकडे राहणार यावर रस्त्यातच चर्चा. टीव्हीवर आपण हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली.

हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही

हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण चर्चा लगेच धर्मावर जाते. त्या दिवसांत माध्यमांतून जी आकडेवारी आली, तिच्यानुसार महाराष्ट्रात पाच हजारांच्या आसपास पाकिस्तानी नागरिक होते, आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या नागपुरात होती. त्यांतले बरेच सिंधी हिंदू, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारे. राजस्थानात तर सोढा राजपुतांची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सिंधमधल्या उमरकोट, थारपारकर भागातल्या या समाजात आपल्याच कुळात लग्न करत नाहीत, म्हणून सोयरीक शोधायला जैसलमेर-बाडमेरकडे यावं लागतं. एप्रिलमध्ये बाडमेरचा एक नवरदेव लग्नासाठी अटारीपर्यंत पोहोचला आणि फाटक बंद पाहून परत फिरला.

आपल्याकडच्या नात्यांची मुळं वेगळी आहेत. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईचा माणूस कराचीला कामाला जायचा तो परदेशात नव्हे, आपल्याच इलाख्यातल्या दुसऱ्या बंदरात. कराचीतली एन. जे. व्ही. शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षण अधिकाऱ्याच्या नावानं उभी आहे. कोकणी मुसलमान, मेमन, खोजा, बोहरा यांचं कराचीशी नातं त्याच काळातलं. फाळणीनंतर एक भाऊ इथं राहिला, एक तिथं गेला. सुरुवातीला परमिट होतं, १९५२ मध्ये पासपोर्ट आला. तरी भावाभावांनी मुलामुलींची लग्नं लावून नातं टिकवलं. 'खानदान तुटू नये' हा त्यामागचा साधा विचार.

मुंबई आणि कराची ही या नात्यांची दोन टोकं. १९९४ मध्ये मुंबईतला पाकिस्तानचा वाणिज्य दूतावास बंद झाला आणि त्याच वर्षी कराचीतला भारताचाही. तेव्हापासून कराचीच्या माणसाला व्हिसासाठी इस्लामाबाद आणि मुंबईच्या माणसाला दिल्ली. समझोता एक्स्प्रेस १९७६ पासून धावत होती, थार एक्स्प्रेस २००६ मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही थांबल्या. उच्चायुक्तही तेव्हापासून परत बोलावलेले. म्हणजे २०२५ चा धक्का आकाशातून पडला नाही. दार तीस वर्षं हळूहळू बंद होत होतं आणि आपण मात्र लग्नं ठरवत होतो.

कागद काय सांगतो?

आता थोडं कायद्याकडे वळू. किचकट आहे, पण ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांना हे पाठ असायला हवं.

पाकिस्तानी नागरिक असलेली आणि भारतीय नागरिकाशी लग्न करून इथं राहणारी स्त्री दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, म्हणजे एलटीव्हीसाठी, अर्ज करू शकते. पाकिस्तानातल्या अल्पसंख्याकांसाठी या व्हिसाचा एक गट आहे. बायकांसाठी दुसरा. आणि आणखी एक गट आहे, जो वाचून आम्ही थांबलो. मूळची भारतीय, लग्न होऊन पाकिस्तानात गेलेली, तिथलं नागरिकत्व घेतलेली आणि विधवा किंवा घटस्फोटित झाल्यामुळे, तिकडे आधार देणारं पुरुष माणूस न उरल्यामुळे माहेरी परतलेली स्त्री. तिलाही एलटीव्ही मिळू शकतो. सरकारी नियमात असा रकाना करावा लागला, म्हणजे अशा लेकी किती असतील! ज्या अंगणात खेळल्या तिथं त्या आता परदेशी म्हणून राहतात आणि मुदत संपत आली की अर्ज करतात.

एलटीव्ही कायमचा नसतो. ठराविक मुदतीनं त्याचं नूतनीकरण होतं. अर्ज ऑनलाईन, पण चौकशी पोलिसांकडून आणि मंजुरी केंद्रीय गृह खात्याची. मुंबईत परदेशी नागरिक नोंदणीचं काम एफआरआरओ पाहतं, जिल्ह्यात ते पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. माहेरी जाऊन परत यायचं असेल, तर 'नोरी' या नावानं ओळखली जाणारी परतीची परवानगी आधीच घ्यावी लागते. एप्रिलमध्ये अशी परवानगी घेऊन माहेरी गेलेल्या काही सुना पलीकडेच अडकल्या.

नागरिकत्वाचा रस्ताही आहे. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ५(१)(क) प्रमाणे भारतीयाशी लग्न केलेली व्यक्ती सात वर्षं इथं राहिल्यानंतर नोंदणीनं नागरिकत्व मागू शकते. पण त्यासाठी व्हिसा सलग वैध हवा, आणि आधीचं नागरिकत्व सोडल्याचे कागद लागतात. ते कागद ज्या उच्चायुक्तालयातून यायचे तिथली माणसंच आता कमी झाली आहेत. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याची सवलत मुस्लिम स्त्रीला लागू नाही. तिला हा जुना, लांबचा रस्ताच चालायचा आहे.

मुलांबाबत मात्र कायदा बराच स्पष्ट आहे. डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील यांपैकी एक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर मूल जन्मानं भारतीय. इथंही सगळं येऊन थांबतं ते आईच्या व्हिसावर. बाळंतपणाच्या वेळी तिचा व्हिसा वैध होता का? तेच मूल नानीच्या घरी कराचीत जन्मलं असेल तर कागदांची सगळी गोष्टच बदलते. म्हणून एकाच घरातल्या दोन भावांचे पासपोर्ट वेगवेगळे असू शकतात.

आणि व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास? १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

एलटीव्ही होता, मग अडचण कुठे आली?

एप्रिलच्या आदेशातून एलटीव्हीधारकांना वगळलं गेलं होतं. पहिल्या निवेदनात फक्त हिंदू पाकिस्तानी नागरिकांच्या एलटीव्हीचा उल्लेख होता, त्यामुळे मुस्लिम घरांत एक-दोन दिवस जीव टांगणीला लागले. नंतर गृह खात्याच्या आदेशानं एलटीव्ही असलेल्यांना सरसकट सूट मिळाली.

मग फटका कुणाला बसला? ज्यांची मुदत संपली होती आणि नूतनीकरणाचा अर्ज टेबलावर पडून होता त्यांना. ज्या व्हिजिटर व्हिसावर आल्या, इथंच लग्न झालं आणि एलटीव्हीची वाट पाहत होत्या त्यांना. जम्मूतली एक ज्येष्ठ महिला अनेक दशकांच्या संसारानंतर पलीकडे पाठवली गेली. तिच्या नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित होता. उच्च न्यायालयानं तिला परत आणायला सांगितलं आणि पुढे केंद्रानं तिला व्हिसा देण्याची तयारी दाखवली. दुसऱ्या एका प्रकरणात तर बाई अटारीला पोहोचल्यावर न्यायालयाची स्थगिती आली.

या घटनांतून आम्हाला एकच गोष्ट दिसते. आपण म्हणतो, ती या घरची सून आहे. कायद्याच्या नजरेत ती एका तारखेपर्यंतची सून आहे. अर्ज वेळेत केला असेल, पोलिसांनी चौकशी केली असेल, दोष तिचा काहीच नसेल, तरी कार्यालयात फाईल रेंगाळली तर त्याची शिक्षा तिला.

कुणी म्हणेल, परदेशी लग्नात असं सगळीकडेच असतं. खरं आहे. कोकणातल्या ज्या कुटुंबांची नाती ब्रिटनमध्ये आहेत त्यांना विचारा. तिथल्या मुलाला किंवा मुलीला भारतातला जोडीदार न्यायचा असेल, तर एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९ हजार पौंड कमाई दाखवावी लागते. आधी ही अट १८,६०० पौंडांची होती. पगार कमी म्हणून नवराबायको दोन देशांत, बाळ एका आजीकडे, अशी घरं तिथंही आहेत. आखाती देशांत पगाराच्या अटीमुळे बायको गावी आणि नवरा तिकडे, हे तर आपल्याला नवं नाही.

पण एक फरक आहे. ब्रिटनची अट कितीही कडक असली तरी ती लिहिलेली आहे. माणूस दुसरी नोकरी धरतो, इंग्रजीची परीक्षा देतो, पैसे साठवतो, आज ना उद्या अट पूर्ण करतो. भारत-पाकिस्तानमध्ये लिहिलेली अट पूर्ण करूनही भागत नाही. २०१२ च्या व्हिसा करारात पलीकडच्या जोडीदाराला दोन वर्षांपर्यंतचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा देण्याची सोय होती. ६५ वर्षांवरच्यांना अटारीला पोहोचल्यावर व्हिसा मिळणार होता. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवर तणाव झाला आणि ज्येष्ठांची ती सोय सुरू होता होताच थांबली. म्हणजे सीमेवर काय घडतं यावर आपल्या घरातली चूल अवलंबून. यात नवराबायकोनं करण्यासारखं काही उरत नाही.

पैसेवाल्यांना वाट सापडते. सानिया मिर्झा आणि शोएब मलिक यांनी २०१० मध्ये लग्न केलं आणि संसार दुबईत मांडला. मध्यमवर्गीय घरं उमऱ्याला जातात तेव्हा जमलं तर मक्केत किंवा मदिनेत बहीणभावांची गाठ घालतात. एका बुजुर्गांनी आम्हाला सांगितलं, "बहिणीला वीस वर्षांनी हरममध्ये भेटलो. दुआ मागायची की तिच्याकडे बघायचं, कळेना." पण पॉवरलूमवर काम करणाऱ्याला, रिक्षावाल्याला हे कुठून परवडणार?

आपली चूक कुठे आहे?

सरकारांना बोल लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. आम्ही शिक्षक आहोत, मुलींना रोज समोर पाहतो, म्हणून हे स्पष्टच लिहितो.

सीमेपलीकडची बहुतेक लग्नं थोरांनी ठरवली. दोन भावांनी, भाऊबहिणींनी जबान दिली. मेहर किती, दागिने किती, वलीमा कुठं, हे सगळं बोललं गेलं. व्हिसाचं काय, हे कुणी विचारलं? मुलीला सांगितलं गेलं का की अब्बा आजारी पडले तर तुला येता येईलच असं नाही? तुझं बाळंतपण माहेरी होणार नाही? नवऱ्याशी पटलं नाही तर परतीच्या तिकिटाआधी परवानगी लागेल? 'होईल सगळं, अल्लाह मालिक आहे' असं म्हणून आपण पुढे गेलो. तवक्कुल आपल्या दीनचा भाग आहेच. पण आधी उंट बांधा आणि मग भरवसा ठेवा, ही शिकवणही आपल्याला ठाऊक आहे. इथं उंट बांधलाच नव्हता.

आणि किंमत नेहमी मुलीनंच मोजली. घर सोडणं तिचं, पासपोर्ट बदलणं तिचं, पोलीस चौकशीत उत्तरं देणं तिचं, जनाजा मोबाईलवर पाहणंही तिचंच.

दुसरी चूक कागदांची. निकाहनामा उर्दूत, कपाटात. नगरपालिकेत लग्नाची नोंदणी नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाह नोंदणी करता येते, करायलाच हवी, तरी आपल्याकडे ती पासपोर्टची वेळ आली की आठवते. नावांची स्पेलिंग तर विचारू नका. एकच बाई निकाहनाम्यावर 'बेगम', पासपोर्टवर 'बीबी' आणि मुलाच्या दाखल्यावर 'शेख'. परदेशी व्हिसाच्या फाईलमध्ये असा एक फरक सहा महिने खातो. आम्ही शाळेत रजिस्टर भरतो तेव्हा हे रोज बघतो.

तिसरी चूक गप्प बसण्याची. 'कुणाला कळू देऊ नका' या भीतीनं घरं वकिलाकडे जात नाहीत, एजंटकडे जातात. एजंट पैसे घेतो, अर्ज चुकीच्या प्रकारात भरतो आणि तारीख निघून जाते.

ज्या घरात हा प्रश्न आहे, त्यांनी काय करावं?

पहिलं, तारीख. एलटीव्ही किंवा व्हिसा कधी संपतो ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या बराच आधी करा. पोचपावती, अर्ज क्रमांक, प्रत्येक भेटीची तारीख एका वहीत लिहून ठेवा. न्यायालयात 'अर्ज वेळेत केला होता' हे सिद्ध करायची वेळ आली तर हीच वही कामाला येते.

दुसरं, लग्नाची सरकारी नोंदणी, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग. चूक असेल तर आताच दुरुस्त करा, गरज पडेल तेव्हा नव्हे. शाळेत या, आम्ही शिक्षक मदत करू. एवढं तर आमच्या हातात आहे.

तिसरं, पत्ता बदलला, मूल झालं, की नोंदणी कार्यालयाला वेळेत कळवा. लपवल्यानं संशय वाढतो.

चौथं, सात वर्षं पूर्ण झाली असतील तर नागरिकत्वाच्या अर्जाचा सल्ला चांगल्या वकिलाकडून घ्या. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथं मोफत मदत मिळण्याचा हक्क आहे.

पाचवं, ज्या मुली इथं आहेत आणि ज्यांचे नवरे वर्षानुवर्षं पलीकडे आहेत, त्यांनाही आपला हक्क माहीत असावा. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार पतीचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, किंवा त्यानं दोन वर्षं खर्चपाणी दिलं नसेल, तर पत्नी न्यायालयात विवाहविच्छेद मागू शकते. नवरा मनापासून वाट पाहतोय आणि फक्त सरहद्द आडवी आहे, तर गोष्ट वेगळी. पण सरहद्दीचं निमित्त करून कुणी मुलीला लटकत ठेवत असेल, तर तिला 'सब्र कर' एवढंच सांगणं हा अन्याय आहे.

आणि जे आता असं स्थळ बघत असतील, मग ते कराचीचं असो, लंडनचं असो की कुवेतचं, त्यांनी बोलणीतच तीन गोष्टी विचाराव्यात. निकाहनंतर किती दिवसांत एकत्र राहता येईल, कोणत्या व्हिसावर? येण्याजाण्याचा खर्च कुणाचा, आणि वर्षातून किती वेळा? आणि एकत्र राहणं जमलंच नाही तर मुलीनं किती काळ वाट पाहायची? उत्तरं निकाहनाम्यात शर्त म्हणून लिहिता येतात. काझी साहेबांनीही ही विचारपूस आपलं काम मानावं.

दोन्ही सरकारांकडून काय अपेक्षा?

आमची मागणी मोठी नाही. सीमा उघडी टाका असं आम्ही म्हणत नाही. चौकशी करा, हवी तितकी कडक करा.

पण नवराबायको आणि लहान मुलं यांना वेगळा वर्ग माना. सरसकट आदेश निघेल तेव्हा त्यातून ते आपोआप वगळले जावेत, दोन दिवसांनी स्पष्टीकरण येण्याची वाट त्यांना पाहायला लागू नये. वेळेत केलेला नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असेल, तर निकाल लागेपर्यंत जुना व्हिसा चालू समजावा. आईबापाचा मृत्यू, बाळंतपण, गंभीर आजार अशा प्रसंगी जाऊन परत येण्याची परवानगी ठरलेल्या दिवसांत मिळावी.

हे अशक्य नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैदेत असलेल्या नागरिकांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या दिल्या जातात. मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रं सुटली, तरी १ जुलै २०२५ ला या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. कैद्यांची यादी युद्धाच्या वर्षातही थांबत नसेल, तर त्याच दिवशी सीमेमुळे विभक्त झालेल्या पतीपत्नींची आणि मुलांचीही एक यादी का देऊ नये? आधी मोजणी होऊ दे. आज ही घरं कुठल्याच कागदावर एकत्र दिसत नाहीत. आपल्या खासदारांनी, आमदारांनी, समाजाच्या संस्थांनी एवढी एक मागणी लावून धरली तरी सुरुवात होईल.

त्या दिवशी आम्ही बोनाफाईड लिहून दिलं. नमुन्यात आईच्या नावाला जागा नव्हती, तरी हातानं लिहून शिक्का मारला. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या मुलाला विचारलं, "अम्मीच्या कागदाचं काय झालं?"

म्हणाला, "अजून आलं नाही, सर. पण पावती आहे. अब्बांनी लॅमिनेट करून घेतलीय."